तीन मायक्रॉन

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. आईच्या डोळ्याची पट्टी निघाली. पेपर आता स्वतः वाचते. वहिनीने पाठवलेले थेंब अजून पुरतील.

नोकरी पक्की झाल्याचं पत्र मंगळवारी मिळालं. तुझा अभिनंदनाचा फोन आला तेव्हा मी नीट बोलले नाही. फोनवर तू मध्येच बोलतोस आणि माझं राहून जातं. म्हणून लिहिते.

कंपनीत सगळे बरे आहेत. अकरा वर्षं कॉलेजात तासिकेवर मराठी शिकवलेल्या बाईला, अडतिसाव्या वर्षी, तुझ्या एका शब्दावर ऋतुराजने घेतलं. मॅनेजर असूनही त्याने मला कधी ते ऐकवलं नाही. माझं काम मोजायचं. मशीनवरून उतरलेल्या पिना, मोटरसायकलच्या ब्रेकमध्ये बसणाऱ्या. शिकवलं धम्मपालने, मशीन तो चालवतो. पहिल्या दिवशी मी मायक्रोमीटर आवळला तर म्हणाला, "मॅडम, लिंबू पिळायलात का? हलक्या हातानं. तीनदा टिक वाजलं की बास." सगळे हसले. मीही.

धम्मपालबद्दलच लिहायचं आहे.

गेल्या महिन्यात एका दुपारी त्याने साठ पिनांचा ट्रे माझ्यापुढे ठेवला. "टूल घासल्यावानी वाटायलंय. नीट बघा. तुम्ही म्हणाल तर मशीन थांबवतो."

जाडी १२.०२० मिलिमीटरच्या वर गेली की पिन बाद. मला १२.०२३ दिसलं. दुसऱ्या पिनेलाही तेच, तिसऱ्या पिनेलाही. तीन मायक्रॉन जास्त. केसाच्या जाडीचा विसावा हिस्सा.

बत्तीस गुणांचा पेपर आला की आम्ही पस्तीस करायचो. तीन गुणांसाठी कुणाचं वर्ष वाया घालवायचं नाही, ही कॉलेजातली रीत. मी रजिस्टरात १२.०२० लिहिलं, सही केली आणि त्याला म्हटलं, "जाऊ दे." त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. तेही लिहायला हवं.

सोमवारी त्या साठ पिना परत आल्या. गिऱ्हाइकाच्या कारखान्यात त्या भोकात बसेनात, त्यांचं काम दोन तास बंद पडलं. ऋतुराजने रजिस्टर उघडलं. तिथे सगळं बरोबर. मग अर्थ एकच निघाला: धम्मपालने दिवसाचा आकडा भरायला लाल पेटीतल्या बाद पिना चांगल्यांत मिसळल्या. त्याला घरी बसवलं. मी टेबलाशी उभी होते. ऋतुराज मला म्हणाला, "बरं झालं, तुमचं रजिस्टर चोख आहे."

मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ते पक्कं झाल्याचं पत्र आलं.

काल धम्मपाल मुकुंदवाडीहून घरी आला. आईने चहा केला, त्याने घेतला. मग म्हणाला, "मॅडम, ट्रे मी तुम्हाला दाखवला व्हता का नाय? तेवढंच सांगा चौकशीत. जास्त काय नको." त्याला वाटतं, माझ्या मोजण्यात चूक झाली असेल. मी आकडा बदलला हे त्याच्या मनातही नाही.

मी म्हटलं, "बघते."

कायम करण्याचं विचारलं की प्राचार्य मला अकरा वर्षं हेच म्हणायचे. तो उठला. चप्पल घालताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

येत्या सोमवारी नऊला ती चौकशी आहे. धम्मपालच्या आधी मी आत जाणार आहे. खोटा आकडा लिहिणाऱ्याला तिथे ठेवत नाहीत, हे ऋतुराजने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझ्याबरोबर तुझा शब्दही जाईल. तुमची वीस वर्षांची मैत्री आहे. त्याने तुझ्याकडे पाठ फिरवली तर ती माझ्यामुळे.

आईला अजून सांगितलेलं नाही.

हे पत्र तुला उद्या मिळेल. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. तू म्हणशील, गप्प राहा. आणि मला ते पटेल.

जिच्यासाठी तू शब्द टाकलास ती,
मंजुषा