आलीच म्हणून समजा

३ सप्टेंबर

सह्या केल्या! एक नाही, ढीगभर. शोरूमचा टायवाला कागद सरकवत होता आणि मी सुटले होते. शेवटची सही तर अशी झोकदार, की तिचं शेपूट कागद सोडून टेबलावर गेलं. पांढरी व्हॅन. मागे पावाचे ट्रे रचायला ऐसपैस जागा. आणि माझ्या नावावर! ह्यांच्या नाही, भाऊजींच्या नाही — माझ्या.

"गाडी कधी मिळेल?"

"ताई, आलीच म्हणून समजा."

समजले!

४ सप्टेंबर

पहाटे पुन्हा भाऊजींच्या दारात. धाकटे दीर, पण रुबाब थोरल्याचा. बेकरीची भट्टी ह्यांच्याकडे, पाव पोचवणं माझ्याकडे आणि व्हॅन मात्र भाऊजींची. पाव निवत असतात, मी पायरीवर, आणि आतून आवाज — "देतोच वहिनी किल्ली!" त्या 'च'मध्ये त्यांची दाढी होते, चहा होतो, पेपर वाचून होतो. लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय. आज पहिल्यांदा पायरीवर उभी राहून गुणगुणले. आता काय, थोडेच दिवस!

७ सप्टेंबर

हॉस्पिटलच्या किचनच्या मुख्य बाईंनी बोलावलं होतं. रोजचा पाव आपल्याकडून घेणार, वीस तारखेपासून! पण बाई फटकळ. "मागे एकदा किल्ली मिळाली नाही म्हणून तुमचा पाव नाश्ता आटोपल्यावर आला. पेशंटना काय हवा खायला घालू? स्वतःची गाडी असेल तरच हो म्हणा. नाहीतर दुसरा बेकरीवाला तयार आहे."

"गाडी घेतली की!" मी छातीठोक सांगितलं. खोटं कुठे बोलले? सह्या झाल्यात.

घरी येऊन सांगितलं तर ह्यांनी पिठाच्या हातांनी माझे दोन्ही गाल धरले. दिवसभर तशीच फिरले. पुसलं नाही.

९ सप्टेंबर

ट्रे हे म्हणतात डावीकडे रचायचे, मी म्हणते उजवीकडे; यावरून कडाक्याचं भांडण. अबोला. बाजारात तुरी!

१२ सप्टेंबर

फजिती. फोन ह्यांनी घेतला. टायवाला म्हणाला, "आलीच." ह्यांनी आत ओरडून सांगितलं, "आली!" एक अक्षर वाटेत सांडलं आणि घरभर धावपळ. मी ठेवणीतले कपडे काढले, सासूबाईंनी पावडर लावली. भाऊजी म्हणाले, "चला, मीच नेतो, बघू तरी!"

शोरूममध्ये काचेजवळ तशीच पांढरी व्हॅन उभी. सासूबाई सरळ चढून बसल्या. "हीच ना आपली?"

"नाही आजी, ही नुसती दाखवायची. विकायची नाही." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू — "ताई, मी 'आलीच' म्हणालो होतो. 'आली' नव्हतो म्हणालो."

परतताना भाऊजी हसून हसून बेजार. "वहिनी, तुमच्या गाडीला पेट्रोल तरी लागत नाही!" सासूबाई तेवढ्या माझ्या बाजूने. "हसू नकोस रे, पुढे बघून चालव." मी खिडकीबाहेर बघत बसले. राग आला. खूप राग आला.

१५ सप्टेंबर

"कारखान्यातून निघालीच."

१६ सप्टेंबर

"पोचतेच, ताई." टायवाला आणि भाऊजी एकाच शाळेत शिकले असणार! पण वीस तारीख तोंडावर आली. बाईंना काय सांगू? हे म्हणतात, भाऊजींना विनवून बघू. मी मेले तरी विनवणार नाही.

१८ सप्टेंबर

आज मी जी काही वागले! लिहितानाही हसू येतंय.

ताज्या बनांचा ट्रे घेऊन शोरूममध्ये गेले. काचेजवळच्या व्हॅनकडे बोट केलं. "ही द्या."

"ताई, ही फक्त दाखवायची—"

"हीच द्या." म्हटलं, तुम्हालाच काय 'च' लावता येतो? सासूबाईंना जे बसल्या बसल्या दिसलं, ते मला कळायला इतके दिवस लागले. दार उघडलं, स्टिअरिंगसमोर बसले, ट्रे मांडीवर.

तेवढ्यात एक नवरा-बायको सह्या करायला आले. नवऱ्याने विचारलं, "गाडी कधी मिळेल?" टायवाल्याने तोंड उघडायच्या आत मी खिडकीतून म्हटलं, "आलीच म्हणून समजा! मलाही असंच सांगितलंय. बन घ्या, गरम आहेत." बाईने बन घेतला. नवऱ्याने पेन खाली ठेवलं. पुढच्या गिऱ्हाइकाचं तेच. मग मॅनेजर केबिनमधून बाहेर आले.

"मॅडम, खाली उतरा."

"उतरतेच," म्हटलं आणि बसून राहिले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं, शेवटी बनांकडे. एक उचलला. "कागद सगळे पुन्हा करावे लागतील."

"करा. सह्या मला छान येतात!"

१९ सप्टेंबर

आली. 'च' नाही!

भाऊजींच्या दारावरून जाताना एकच हॉर्न दिला. बरं — तीन.

२० सप्टेंबर

पाव वेळेआधी पोचला. मुख्य बाईंनी पावावर हात ठेवला, म्हणाल्या, "अहो, गरम आहे की!" मला गाडीत येऊन रडूच फुटलं. आनंदाचं. ट्रे उजवीकडे रचले होते.

२७ सप्टेंबर

भाऊजींची व्हॅन बंद पडली. पाव पोचवून घरी टेकते तोच दारात हजर, दाढ सुजून गालाचा फुगा. माझ्यासारखेच पायरीवर उभे. "वहिनी, डॉक्टरकडे जायचंय... किल्ली मिळेल?"

'देतेच' अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. चहा तसाच ठेवून मीच घेऊन गेले. उतरताना बिचाऱ्यांनी गाल धरून विचारलं, "परत न्यायला याल ना?"

गाडी सुरू केली आणि म्हटलं — "आलेच!"