पेनड्राइव्हमधलं अर्धं वर्ष

९ जून, सोमवार
शटर अर्धं वर करायचं, केर काढायचा, काचेवर ओलं फडकं फिरवायचं, मागचा निळा पडदा झटकायचा. फोटोचं दुकान चालू होतं तेव्हा एवढं माझ्याकडे. दिवा लावणं, कपाळाला विभूती आणि लेन्स पुसणं ह्यांच्याकडे. अशाच एका सकाळी चहा घेता घेता हे म्हणाले होते, "अख्ख्या वर्षाचे फोटो एका फाइलीत कोंबले बघ. जिनिंगात कापूस दाबून, पट्ट्या आवळून गासडी करतात ना, तसं. ह्याला झिप म्हणायचं." मी म्हणाले, आणि त्यातला एकच फोटो लागला तर? हे हसले. "तर पट्ट्या सोडायच्या."

हे आज आठवलं, कारण गंगाबाई आली होती. तिची लेक सुनीता पहिल्याच बाळंतपणात गेली. लग्नाचा अल्बम सासरच्यांकडे, ते देत नाहीत. लग्नाआधी पाहुण्यांना दाखवायला म्हणून एक फोटो आमच्या दुकानात काढला होता. २०१७, दिवाळीनंतर. नात आता पहिलीत जाणार. "माझी आई कशी होती, इचारून राहिली पोरगी. मी काय दाखवू, आक्का?"

दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली, पण ह्यांचे फोटो पेनड्राइव्हवर आहेत. शोधते म्हणाले.

१० जून
लेकीनं दिलेला लॅपटॉप काढला. पेनड्राइव्हमध्ये वर्षावार झिप, ह्यांच्या सवयीप्रमाणे नीट. आधी २०१६ उघडून हात बसवला. आत बारा महिन्यांचे बारा फोल्डर, प्रत्येक फोटोला गाव आणि नाव.

वैशालीला नांदेडला फोन. ती म्हणाली, "आई, आत डोकावणं वेगळं आणि बाहेर काढणं वेगळं. उजवी कळ दाब, एक्स्ट्रॅक्ट ऑल." प्रत्येक अक्षर मोठ्यानं वाचलं तर ओरडली, "बातम्या देऊन राहिलीस का?" इंग्रजी अक्षरं मी कीबोर्डावरूनच शिकले, त्यामुळे एबीसीडी क्रमानं अजून येत नाही, क्यूडब्ल्यूई येतं.

२०१६ निघालं. २०१७ उघडत नाही.

११ जून
गंगाबाई पुन्हा. म्हटलं अजून नाही. "एवढी पेपर वाचणारी बाई आन् एक गाठोडं सुटंना तुमाला?" हसत म्हणाली, पण ओट्यावर तासभर बसून राहिली.

१२ जून, गुरुवार
वैशालीनं दुसरा प्रोग्राम टाकून दिला, फोनवर सांगून सांगून. तो फाइल उघडतो, पण मधेच थांबतो. लाल फुलीसमोर इंग्रजीत ओळ. अक्षर अक्षर लिहून घेतली, डिक्शनरीत पाहिली. अनपेक्षित शेवट. म्हणजे फाइल असायला हवी तेवढी नाही, शेपटाकडून तुटली आहे.

तरी जेवढं आहे तेवढं बाहेर काढता येतं. जानेवारी ते जुलै पूर्ण आले. ऑगस्टचे थोडे. शेवटच्या फोटोत एका म्हाताऱ्याचा पटका आणि डोळे, खाली नुसतं करडं.

नोव्हेंबर नाही. डिसेंबर नाही.

आणखी एक कळलं. वैशाली म्हणते, फोटो आधीच दाबलेले असतात, त्यांची झिप करून जागा वाचत नाही. गासडीची परत गासडी करण्यासारखं. तपासलं. २०१६ बांधलेलं आणि सोडलेलं, जवळपास सारखंच. आणि हे दर दिवाळीत बसून बांधायचे, बांधून झालं की सुटे फोटो पुसून टाकायचे. जागा केली म्हणून खूश असायचे. राग आला. कोणावर काढू?

१३ जून
वैशालीनं सकाळी विचारलं, "कॉपी चालू असताना कुणी पेनड्राइव्ह मधेच उपसला होता का?"
म्हटलं, काय माहीत.
खोटं बोलले. इथे तरी लिहिते.

दोन वर्षांपूर्वी हे लातूरला दवाखान्यात होते. जुना कॉम्प्युटर अर्धापूरच्या बालाजीला द्यायचं आधीच ठरलेलं. बालाजी म्हणजे ह्यांचा मित्र, ह्यांना सगळ्यांसारखा आप्पाच म्हणायचा, त्याचं तिकडे झेरॉक्सचं दुकान. ह्यांनी फोनवरून सांगितलं, सगळ्या झिप पेनड्राइव्हवर घे, मग कॉम्प्युटर दे. मी एकेक घेत गेले. २०१७ सगळ्यात शेवटी राहिलं होतं. हिरवी पट्टी हळूहळू सरकत होती. बालाजी दारात टेम्पो घेऊन उभा, माझी लातूरची गाडी सुटायची वेळ, भाकरीचा डबा बांधलेला. पेनड्राइव्हमध्ये २०१७ हे नाव दिसत होतं. नाव दिसतंय म्हणजे आलं, असं वाटलं. उपसला.

दवाखान्यात ह्यांनी पहिलं तेच विचारलं. "सगळं आलं का?"
"हाव, आलं."
ह्यांनी डोळे मिटून मान हलवली. त्यानंतर नवव्या दिवशी हे…

१६ जून, सोमवार
ह्यांच्या समाधीवर बेल वाहून आले. पेनड्राइव्हचं सांगायचं ठरवून गेले होते, नुसता पाला झाडून उठले.

परत आले तर ओट्यावर गंगाबाई, सोबत नात. शाळा सुरू झालीय, नवा गणवेश, वेणीला लाल रिबन. पोरगी दुकानाच्या काचेतल्या जुन्या फोटोंवर बोट ठेवून एकेक विचारत होती. "ही हाय का? मग ही?" गंगाबाई दर वेळी न्हाई म्हणत होती.

मग राहवेना. पोरीला आत पाणी प्यायला पाठवलं आणि गंगाबाईला सगळं सांगितलं. फोटो होता, तो माझ्या हातानं तुटला. ह्यांनाही मी खोटंच सांगितलं.

तिचा पदर तोंडाला. मला वाटलं उठून जाईल.
मग म्हणाली, "आन् ती जुनी पेटी? ज्यातनं काढून घेत होता ती?"
अर्धापूरला दिली म्हटलं.
"दिली, जाळली तर न्हाई ना? फोन लावा की. मला सांगून काय करून राहिल्या!"

दोन वर्षं मी फक्त उपसलेल्या पेनड्राइव्हचाच विचार केला. ज्यातून उपसला, तिकडे लक्षच गेलं नाही.

बालाजीला लावला. "वहिनी, ती पेटी वर्षभर वापरली, मग बंद पडली. माळ्यावर हाय. आप्पाचं म्हणून भंगारात टाकलं न्हाई. पण आतलं काही पुसलं का न पुसलं, देवाशपथ आठवंना."

१८ जून, बुधवार
सकाळच्या गाडीनं दोघी निघालो. लातूरला गाडी बदलली. गंगाबाईनं वाटेत एकदाच विचारलं, "रंगीत होता ना फोटो? चोळी मोरपंखी होती तिची." रंगीतच, म्हटलं. हे काळेपांढरे काढायचे नाहीत.

अर्धापूरला बालाजीनं पेटी खाली उतरवून ठेवली होती. वायर लावली, पंखा फिरला, पडदा काळाच. तीनदा केलं. मग त्यानं स्क्रू काढले आणि आतली डिस्क माझ्या हातात दिली. तळहातापेक्षा थोडी मोठी, गार, जड. फोटो असले तर ह्यातच, म्हणाला. गंगाबाईनं दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, परत दिली.

"आप्पानं कधी वाकडं काढलं न्हाई कुणाला," एवढंच बोलली.

रात्रीला वैशालीकडे नांदेडला. तिनं डिस्कला तिच्याकडची वायर जोडून पाहिली. टिक टिक आवाज येतो, लॅपटॉपवर काही दिसत नाही. म्हणाली, आता हात लावू नको, जाणकाराला दाखवू. जावईबापू म्हणाले, निघेल किंवा निघणार नाही, आशा जास्त धरू नका. दोघांना मी पेनड्राइव्ह मधेच उपसल्याचंही सांगितलं. वैशालीनं ताटात आणखी एक भाकरी वाढली.

१९ जून
गंगाबाईला नातीसाठी लवकर परतायचं होतं, तिला सकाळच्या गाडीत बसवून दिलं. मग डिस्क रुमालात गुंडाळून दुरुस्तीच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, २०१७ ची झिप, नोव्हेंबर नाहीतर डिसेंबर, सुनीता. तिनं चिठ्ठीवर लिहून डिस्कला चिकटवलं, आत नेली आणि म्हणाली बसा. मी बाकड्यावर बसले.