गळ, आमिष आणि आमचे व्याही

६ जानेवारी
चैत्राचा चेन्नईहून फोन. फेब्रुवारीत अंदमान. चार दिवस आपली स्वतंत्र बोट. मी, बायको भवानी, चैत्रा, जावई विघ्नेश. इथवर ठीक. शिवाय विघ्नेशचे आईवडील! म्हणजे शंकरनारायण. टेलिफोन खात्यातून रिटायर झाला, चेहऱ्यावर अजून एंगेज टोन.

बोटीवर मासेमारी करता येते म्हणे. ते खाते मी ताबडतोब माझ्याकडे घेतले. चैत्रा म्हणाली, बाबा, मासे राहू द्या, या वेळी त्यांच्याशी नीट बोला, ट्रिप त्यासाठीच काढली आहे. पोरगी हळवी. आईवर गेली.

आता लग्नात मी एवढेच म्हणालो होतो की या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या लाइनी जोडल्या, कारण स्वतःला बोलायचे काही नव्हते. आपल्याच माणसांत म्हणालो, मराठीत. व्हिडिओवाल्याचा माइक चालू होता, यात माझा काय दोष? आणि जावई मराठी शिकेल, हे कुणाच्या स्वप्नात होते?

८ जानेवारी
अभ्यासास प्रारंभ. तीन व्हिडिओ पाहिले. निष्कर्ष: मासा म्हणजे मुळात एक तोंड. तोंड हा माझा सत्तावीस वर्षांचा विषय. निम्म्या कुंभकोणमची तोंडे आतून पाहिलेला दंतवैद्य आहे मी. मासा निदान खुर्चीत बसून शेजाऱ्याची निंदा करत नाही.

भवानीने विचारले, "जें खाणें नाहीं, तें ओढून काढावयाचें कशास?" आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी, हे खरे. पकडायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा, याला जगभर स्पोर्ट म्हणतात. समजावले. तर म्हणते, "मग त्या माशाचें काय चुकलें?" तिचे मराठी तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या पूर्वजांचे, लॉजिकही तेव्हाचेच. मी पुण्याहून मासिके मागवून भाषा सुधारून घेतली, म्हणून घरात निदान एकाला तरी फरक कळतो.

११ जानेवारी
अरसलार नदीच्या काठावर पाहणी. एक लुंगीवाला प्लास्टिकच्या बाटलीला तंगूस गुंडाळून बसलेला. गळाला गांडूळ. मी आमिषाचे शास्त्र विचारले. म्हणाला, सार, मासा जे खातो ते लावायचं. ही यांची थिअरी! तासाभरात त्याला चार मिळाले. नशीब.

निर्णय: जिवंत चारा नाही. माशांचे तुकडे नाहीत. मला किळस वगैरे येत नाही, प्रश्न हायजीनचा आहे. कृत्रिम आमिषच. ऑनलाइन ऑर्डर दिली: कार्बनचा रॉड, रीळ, जपानी दोरी आणि नऊ नकली मासे. त्यातला पॉपर सर्वोत्तम. पाण्यावरून बुडबुड करत ओढायचा, पोटाखाली तीन टोकांचा गळ.

१५ जानेवारी, पोंगल
गच्चीवर सराव. पहिली फेक उत्कृष्ट. दुसरी शेजारच्या गच्चीवर वाळणाऱ्या रेशमी साडीत. या बायका कपडे वाळत घालताना वाऱ्याची दिशा पाहत नाहीत. भवानीने जाऊन माफी मागितली आणि दुपारभर रफू करत बसली. माफी कशाबद्दल, ते मला सांगता आले नाही तिला.

२० जानेवारी
शंकरनारायणचा फोन. तमिळमध्ये व्याह्याला संबंधी म्हणतात. "संबंधी, मी काय काय आणू?" आवाजात नम्रपणा, म्हणजे अज्ञान. मी यादी सांगितली: उन्हाचा खास चष्मा, हातमोजे, कमरेचा पट्टा, रबरी तळव्याचे बूट. पंधरा मिनिटे ऐकून म्हणाला, टॉवेल आणला तर चालेल ना? मी फोन ठेवला.

३ फेब्रुवारी, चेन्नई विमानतळ
सामान आपटणाऱ्यांवर विश्वास नाही, म्हणून आमिषांचा डबा हातातल्या बॅगेत ठेवला होता. सिक्युरिटीच्या बाईने एकेक गळ बाहेर काढला आणि डबाच ठेवून घेतला. नऊपैकी आठ गेले! दंतवैद्याला चोवीस टोकांचा धाक घालते. शंकरनारायण मध्येच येऊन तिला म्हणाला, साहेब मोठे डॉक्टर आहेत, अम्मा. मी मदत मागितली होती का?

निळा पॉपर तेवढा वाचला. मोठ्या बॅगेतल्या बुटात कोंबला होता. दूरदृष्टी.

५ फेब्रुवारी, बोटीवर
बोटवाला बाला, मूळचा रामेश्वरमकडचा. माझा रॉड पाहून एक शब्द बोलला नाही. भारावला.

इतरांना त्याने हातदोऱ्या दिल्या, गळाला माकुळाचे, म्हणजे स्क्विडचे तुकडे. रानटी प्रकार. विघ्नेशला तांबोशी मासळी लागली. मग भवानीला. भवानीला! किंचाळली, हसली, हाताने सोडली पाण्यात. विहीणबाई सुब्बलक्ष्मी टाळ्या वाजवत होत्या. मला काही लागले नाही. सूर्याचा अँगल चुकीचा होता, बालाला सांगून उपयोग नाही.

जेवताना चैत्रा हळूच म्हणाली, बाबा, सकाळपासून तुम्ही त्यांच्याशी एक शब्द बोलला नाहीत. म्हणून नंतर शंकरनारायणला बोलावले आणि अर्धा तास फेकीचे तंत्र शिकवले. त्याने मान डोलावली. माझ्या बाजूने संबंध सुधारले.

६ फेब्रुवारी
ही नोंद करू नये असे वाटले होते. करतो, कारण इतर लोक विपर्यास करतील.

मनगटाची हालचाल नीट दिसावी म्हणून मी शंकरनारायणला माझ्या मागे उभे केले. रॉड मागे नेला. पुढे आणताना दोरी ताणली. ट्रिपमध्ये प्रथमच काहीतरी लागले होते. मी "आला!" म्हणून ओरडलो आणि जोरात झटका दिला. वजनदार वाटला.

"संबंधी," मागून आवाज आला, "ओढू नका."

पॉपर त्याच्या डाव्या कानाच्या पाळीत लोंबत होता. शर्टावर रक्त. तो ओरडलाही नाही. ओरडला असता तर मी दुसरा झटका दिला नसता.

मी रॉड खाली ठेवून बाकावर बसलो. लाटा होत्या. वीस वर्षे क्लिनिकमध्ये माझ्या शेजारी ट्रे धरून उभी राहणारी भवानी पुढे आली. बालाकडून पक्कड उकळत्या पाण्यात बुडवून घेतली. टोक पाळीतून पुढे काढले, काटा कापला, उरलेला गळ अलगद मागे घेतला. तेवढा वेळ ती त्याच्याशी तमिळमध्ये वांग्याच्या रोपांबद्दल बोलत होती. तो म्हणाला, अम्मा, तुमचा हात फार हलका. सुब्बलक्ष्मीबाई भवानीच्या गळ्यात पडून रडल्या, मग दोघी हसायला लागल्या, मग सगळेच.

मी बाकावर गुडघ्यांत डोके घालून देखरेख केली. अशा वेळी वैद्यकीयदृष्ट्या तीच योग्य पोझिशन.

माफी मागणार होतो. पण तोच सारखा "असू द्या, असू द्या" म्हणत राहिला. माणसाने मागायची कधी? चैत्रा माझ्याकडे बघत होती.

२० फेब्रुवारी, कुंभकोणम
विहीणबाईंचा भवानीला रोज फोन. आज भवानी त्यांच्याकडे चेन्नईला गेली. आठ दिवसांसाठी. चैत्राला विचारले, मलाही बोलावले असेल ना? ती म्हणाली, बाबा, तुमचं क्लिनिक असतं ना. असतेच. मी नकारच देणार होतो.

दोन्ही घरे जवळ आली, हे ट्रिपचे उद्दिष्ट होते. ते कुणामुळे साध्य झाले, याचा विचार कुणी करत नाही.

४ मार्च, दुपार
आठाचे तेरा दिवस झाले. भवानीला विचारले होते, कधी येणार? म्हणाली, "पाहीन कीं."

हॉटेलचे खाऊन पोट बिघडले. आज स्वतः सार केले. तोंडात घेतले तर अळणी. मीठ सापडेना. सगळे डबे उघडले, देवघरातही पाहिले. शेवटी भवानीला फोन लावला. शंकरनारायणांनी उचलला. ती न्हायला गेली होती.

सहज केला, म्हणालो. मग मी मिठाचे सांगितले.

थांबा, म्हणाले. न्हाणीच्या दाराशी जाऊन विचारून आले. दुसरी फळी, डाव्या हाताला, चिंचेच्या बरणीमागे. बघून घ्या संबंधी, मी धरून आहे.

तिथेच होते. मिळाले म्हणून सांगितले. त्यांचा कान कसा आहे, ते विचारणार होतो, तोवर ते म्हणाले, "जेवून घ्या आधी," आणि फोन ठेवला.