दातेरी सांधा

प्रिय चिमे,

तुझा फोन येतो तेव्हा बाबा शेजारीच बसलेले असतात, म्हणून हे लिहायला घेतलं. ते बरे आहेत. जेवतात, चिडतात, माझ्या भाजीला नावं ठेवतात. एकच गोष्ट तुला कधी सांगितली नाही. त्यांना जवळचं जवळजवळ दिसत नाही. चार वर्षं झाली. दुकानात कुणी जुनं भांडं पारखायला आणलं की मी पुसायच्या निमित्ताने ते हातात घेते आणि नवशिकीसारखं विचारते, "बाबा, या तळाला ठोक्यांच्या खुणाच आहेत ना?" त्यावरून ते काय ते ओळखतात. गिऱ्हाईक त्यांच्या नजरेचं कौतुक करत जातं.

मंगळवारी एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. तांब्याचं भांडं होतं, तुर्की कॉफी करतात तसलं. बूड रुंद, गळा आवळलेला, लांब पितळी दांडा. हे आजीचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा भाऊ म्हणतो, आजीचं केव्हाच हरवलं, हे कुणीतरी बाजारातून आणलेलं. मी नेमकी मागच्या खोलीत फोनवर होते. माझ्यासाठी थांबणं बाबांना कमीपणाचं वाटलं असावं. आतून बोट फिरवलं, कल्हई गुळगुळीत लागली, आणि म्हणाले, "यंत्रावरचं आहे. दहा वर्षांचंही नसेल."

मी बाहेर आले तेव्हा बाई ते फडक्यात गुंडाळत होत्या. बुडाजवळची पिवळसर, दातेरी रेघ मला दिसली. पत्र्याच्या कडांना दाते कापून ते एकमेकांत बसवतात, पितळ वितळवून डाख देतात, ठोकून सपाट करतात. तो सांधा बोटाला लागतच नाही, डोळ्यालाच दिसतो. यंत्राचं काम नव्हे ते. पण बाबांना बाईंच्या देखत खोटं पाडायला जीभ रेटेना.

बाईंना बसथांब्यावर गाठलं. म्हटलं, आजीचंच हे कुणी सांगू शकणार नाही, पण आजीच्या वेळचं नक्की, फक्त कल्हई नवी आहे. त्यांनी भांडं पोटाशी धरलं. मग म्हणाल्या, "तिथंच का नाही बोललात?"

परतले तर बाबा आपली खुर्ची सोडून स्टुलावर बसलेले.

"किती जुनं निघालं?"

"ऐंशी वर्षांचं तरी असेल."

त्यांनी मान हलवली. "उद्यापासून खुर्चीवर तू बस."

एवढं ऐकायला मी किती थांबले होते, तुला ठाऊक आहे. पण ऐकलं आणि बाहेरून कुणी कडी घातल्यासारखं झालं.

कारण तो फोन संग्रहालयातून होता. जुन्या भांड्यांची डागडुजी करायचं काम, दुसऱ्या शहरात, पुढच्या महिन्यापासून. मी हो म्हटलंय. बाबांना सांगितलेलं नाही. तुझं काम घरबसल्या चालतं, म्हणून विचारते, इथे येऊन राहशील का? तू नाही म्हणालीस तर मी जाणार नाही, हे तुला कळतंय, आणि तुझ्यावर असं ओझं टाकताना मला लाज वाटते आहे. तरी विचारते.

तुझीच,
ताई