आमचे भाडेकरू

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. हा शब्द मी उगाच वापरत नाही. परवा वाहिनीच्या कचेरीत मी जवळजवळ त्याच अवस्थेला पोचलो होतो.

मानवजातीवर झालेल्या अन्यायांचा इतिहास कुणी लिहिलाच, तर तिथल्या फिरत्या खुर्चीसाठी एक स्वतंत्र प्रकरण राखून ठेवावं लागेल. ती बसल्या बसल्या खचते. वाद सुरू झाला तेव्हा मी कार्यक्रमप्रमुख बाईंच्या नजरेला नजर देऊन बोलत होतो. संपला तेव्हा माझी हनुवटी टेबलावर होती. त्या उंचीवरून कुणालाही काहीही पटवता येत नाही.

वाद माझ्या मालिकेतल्या हिशेबनीसावरून. त्याचा जीव घरी येणाऱ्या डॉक्टरवर जडलाय आणि हे त्याने जन्मात कुणाला सांगितलेलं नाही. बाईंचं म्हणणं, हा पटत नाही. इतका हसतो कसा? असा माणूस म्हणे आतून जळत असतो. तेव्हा त्याने खुंटीवरचा डॉक्टरचा कोट हुंगावा, डोळ्यांत पाणी आणावं, आणि कॅमेऱ्याने तीनदा त्याच्या तोंडावर धावून जावं. महिनाअखेर पटला नाही, तर मालिका दुसऱ्या लेखकाकडे.

घरी सांगितलं तर आमचे भाडेकरू इतके हसले की हातातली कवळी प्लास्टरमध्ये पडली. दुसऱ्यांचे दात बनवणाऱ्याने स्वतःचे एवढे दाखवू नयेत.

फोन करत नाही, कारण आई तुझ्या खांद्यावरून ऐकते. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवलास तर तक्रार नाही.

तुझा,
धाकटा

ता. ११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद, त्यातला एक खास पाठीच्या कण्यासाठी.

तुझा हिशेबनीस मलाही पटत नाही, पण त्या बाईंच्या कारणाने नाही. तो हसतो ते बरोबर आहे. तो डॉक्टरकडे बघतो फार. असा माणूस बघत नाही रे. चारचौघांत तो डॉक्टरपासून सगळ्यात लांबची खुर्ची धरेल, त्याच्यावर खेकसेल, आणि तरी त्याचा ग्लास रिकामा झालेला याला पाठ फिरवून कळेल. त्याचं नाव तोंडातून काढणार नाही. तो कशाच्या उपयोगाचा आहे तेवढंच सांगेल.

गेल्या वर्षी भाडेकरूंना ताप आला तेव्हा तू दिवसभर माझ्या औषधाच्या दुकानात फोन करत होतास. दर वेळी सुरुवात, काय कटकट आहे डोक्याला. संध्याकाळच्या फोनला मी तुझा आवाज ओळखला नाही. गिऱ्हाइकाला थांबवून मला खाली बसावं लागलं. तसं लिही. कोट राहू दे खुंटीवर.

आईने पुन्हा एक स्थळ काढलंय. शाळेत शिकवते. मी म्हटलं, धाकट्याला विचारते. विचारलं असं समज.

प्रेम आहेच, पत्रातून मोजत बसू नकोस.

ताई

ता. २ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. या वेळी त्यावर विनोद सुचत नाही.

तुझं ऐकलं. पाहुणे डॉक्टरकडे बघून हे कोण म्हणून विचारतात, तर हिशेबनीस मान वर न करता सांगतो की हे आमचे डॉक्टर, आईचं ब्लडप्रेशर बघायला येतात. बस, एवढंच. डॉक्टर हातातला कप जरा जास्तच जपून खाली ठेवतो. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मला न खचणारी खुर्ची मिळाली. हुकूमही मिळाला की आता दोनशे भाग याला तोंड उघडू द्यायचं नाही. गप्प राहिलेलाच खपतोय.

तो भाग घरी आम्ही दोघांनी बसून पाहिला. संपल्यावर त्याने टीव्ही बंद केला, फक्त आपली ताटली धुतली, आणि बाहेर मी त्याला काय म्हणतो ते विचारलं. मी सांगितलं, भाडेकरू. तो म्हणाला, मला वाटायचं ती आपली घरातली थट्टा आहे. आईलाही हेच? ताईलाही? मी मान डोलावली. मग भाडेकरूने खोली सोडली तर रीतसरच आहे, म्हणाला.

ताई, तुला सांगायची गरज नाही हे तुझ्या पत्रातच कळलं, तरी लिहितो. तो भाडेकरू नाही. कधीच नव्हता. इतकी वर्षं आमचं एकच घर आहे, एकच संसार आहे. रविवारी तो गेला. बाजारामागच्या गल्लीत खोली घेतलीय. खिडकीत प्लास्टरचे जबडे असायचे, तिथे धुळीत नुसत्या खुणा आहेत. पुसायला फडकं घेतलं आणि ठेवून दिलं.

फोन उचलत नाही. त्याला काय लिहू? हिशेबनीसाचं सांगितलंस, तसं हेही सांग.

धाकटा

ता. ७ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद नंतर, आधी कान पकड.

मी तुझ्यापुढे आरसा धरला, तर तू त्याचा सेट लावलास. संवाद माझ्याकडे मागू नकोस. दार लावून घरात तू त्याला सगळं म्हणाला असशील, ते त्याला माहीत आहे. त्याला ते परक्या माणसासमोर ऐकायचंय. पत्र लिहू नकोस, जा.

आणि लवकर जा. काल आईची कवळी नीट बसते का विचारायला त्यांचा फोन आला होता. दुसऱ्या गावच्या दवाखान्यात नोकरी मिळतेय, सोमवारी होकार कळवायचाय. मी विचारलं, धाकट्याला सांगितलंत का? तर म्हणाले, भाडेकरू नवा पत्ता कळवत नाहीत.

आईने तो भाग पाहिला. हा हिशेबनीस मरेल पण बोलायचा नाही, म्हणाली. झोपताना म्हणाली, त्या शिक्षिकेच्या घरी नाही म्हणून कळव.

काळजीत,
ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस,

नमस्कार, आईलाही.

गेलो. खाली शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, वर मालकीणबाईंचं घर, आणि त्यातूनच त्याच्या खोलीची वाट. बाई दारातच भाजी निवडत होत्या. त्यांनी त्याला हाक मारली, की हे कोण आलेत बघा. तो प्लास्टरने पांढऱ्या झालेल्या हातांनी बाहेर आला. माझ्यावरून नजर फिरवली आणि सरळ चेहऱ्याने बाईंना सांगितलं, हे माझे आधीचे घरमालक, काही राहिलं असेल ते मागायला आले असतील.

ते ऐकायला कसं लागतं, ते मला तेव्हा कळलं.

मी मान डोलावली असती तरी निभावलं असतं. बाई भाजीकडे वळल्याही होत्या. वाटेत पाठ केलेल्या संवादांतला एकही जागेवर नव्हता. शेवटी मी बाईंना म्हटलं की मी घरमालक नाही, म्हणजे घर माझं आहे पण हे भाडेकरू नाहीत, नव्हतेच, आम्ही एकत्र राहतो, नवराबायको राहतात तसे, आणि मी खोटं सांगत आलोय, आणि यांना घरी न्यायला आलोय. वाहिनीने हे वाक्य पहिल्याच वाचनात कापलं असतं.

खालचं मशीन तेवढं चालू होतं. तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता. त्याने बाईंकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं, आणि जबडे वर्तमानपत्रात गुंडाळायला आत गेला.

बाईंनी निवडलेली भाजी बाजूला सारली. जायचं तर जा म्हणाल्या, पण महिना मोडला तरी भाडं पूर्ण पडेल. मी पाकीट काढून भाडं त्यांच्या हातात ठेवलं. पावती कुणाच्या नावाने करू, त्यांनी विचारलं. म्हटलं, पावती नको.

धाकटा