पांढऱ्याची गोडी

डेल्फ्ट, ४ ऑक्टोबर १६६४

चि. योस्ट यास, अ. आ. वि. वि.

तू बटाव्हियाहून पाठवलेली चिनी थाळी धड पोचली. भांड्यांच्या कारखान्याच्या मालकांनी ती खिडकीशी धरली, तर पलीकडची बोटं दिसली. म्हणाले, अशी माती आपल्याकडे नाही. आपण पिवळी माती भाजून शिसं-कथलाच्या पांढऱ्यात बुडवायची आणि वर त्यांचेच निळे पूल, निळे बगळे काढायचे. गावाला दुसरं काही नकोच झालंय. चुलीमागच्या भिंतीवरसुद्धा चीन.

बगळ्यांचे पाय आमच्या हेस्टरशिवाय कुणाला जमत नाहीत. तुझी भाची कच्च्या पांढऱ्यावरून फिरलेला कुंचला दर रेघेला ओठांत धरून टोक काढते. मी रागावले, तर म्हणे, आई, पांढरं गोड लागतं, तुझी साखर वाचते. जीभ मामावर गेलीय. हल्ली जेवण मात्र टाकते, पोट धरून बसते. वसंतात लग्न, त्याचीच धास्ती असेल.

इथे तुझी आठवण रोज निघते, तिथे आमची निघू दे.

तुझी हिल्लाताई


डेल्फ्ट, १२ मे १६६५

चि. योस्ट यास, अ. आ.

तुझ्या उत्तराला अवकाश आहे, तरी लिहिते. हेस्टरचा उजवा पंजा मनगटापासून लोंबतो. उचल म्हटलं की हसते, म्हणते, हा माझा नाहीच. मी भरवते. हिरड्यांवर निळसर रेघ उमटलीय. मालक म्हणाले, रंग असेल, चूळ भरा. लग्न पुढे ढकललं.

तिच्या जागी कामावर मालकांनी तिच्या धाकट्या बहिणीला, लेयाला, बोलावलंय. तिचाही हात हलका आहे. सोमवारपासून जाईल.

माया असू दे.

हिल्ला


बटाव्हिया, २० जून १६६५

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं ऑक्टोबरचं पत्र आज मिळालं. भांड्यांचे चिनी व्यापारी लिम शेजारी होते, त्यांना हेस्टरच्या साखरेची गंमत सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, आमच्याकडे पांढरं वरून चढवत नाहीत, मातीच पांढरी असते. तुम्ही काय चढवता? मी सांगितलं. त्यांनी आपला पंजा मनगटातून खाली सोडून दाखवला. शिसं भाजणारी माणसं त्यांनी पाहिलीत. पुढचं लिहवत नाही.

ताई, तिला आजच्या आज घरी बसव. जिची नक्कल चाललीय ती थाळी फोडून टाक.

परतीची गलबतं नाताळाशिवाय सुटत नाहीत, म्हणजे हे तुला पुढच्या उन्हाळ्यात मिळेल. तोवर तुला आपणहून सुचो.

लोभ आहेच. उत्तर मात्र हेस्टरच्या हातचं पाठव. तिचं अक्षर पाहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुझा योस्ट