ओळखीचा माणूस

आई, आज सुनेवर आवाज चढवला आणि मग तुझाच राग आला, म्हणून लिहिते आहे. नात अकरा वर्षांची. क्लास सुटला की विचुंब्याला आमच्या घरापर्यंत चालत येते. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ उद्यापासून तिला गाडीतून आणणार, असं सुनेने परस्पर ठरवलं. "ओळखीचे आहेत हो, आई," म्हणाली. अगदी तुझ्या सुरात.

माझ्या लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर शिकवायच्या, अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. तू त्यात भर घातलीस: मोळ्या विकणाऱ्या कातकरणी दिसल्या की रस्त्याची दुसरी बाजू धरायची. आणि मला शाळेतून आणायला बाबांच्या कचेरीतल्या काकांना सांगून ठेवलंस. चार दिवस ते नीट आणतात. पाचव्या दिवशी माझं मनगट धरतात आणि घराच्या वळणावर न वळता खाडीच्या वाटेला लागतात. मी म्हणते, काका, घर तिकडे आहे. ते बोटं आवळतात. पुढे वाटेवर कोणी नाही. मग समोरून मोळी घेऊन एक कातकरीण येते आणि थांबते.

"कुटं नेतोस पोरीला?"

"पुतणी आहे माझी. तू आपल्या वाटेने जा."

ती मलाच विचारते, "ह्यो तुजा काका हाय?" मी मान हलवते, नाही. तिने मोळी तिथेच टाकली आणि कमरेचा कोयता हातात घेतला. माझं मनगट सुटलं.

ती मला हात धरून दारापर्यंत घेऊन आली. "बाय, त्या मानसासंगं पोरीला परत धाडू नको," एवढं तुला सांगितलं. तू तिला पाणीसुद्धा विचारलं नाहीस. तिने मला शिवलं म्हणून मोरीत उभं करून माझ्या डोक्यावर मात्र दोन बादल्या ओतल्यास. काकांचं सांगायला लागले तर म्हणालीस, "काहीतरी बडबडू नकोस, घरच्यासारखे आहेत ते." रविवारी ते आले तेव्हा चहाचा कप मलाच न्यायला लावलास. सोमवारपासून मी शाळेच्या मागच्या फाटकाने निघायचे आणि बाजारातून परतणाऱ्या मोळीवाल्या बायकांच्या मागोमाग घरी यायचे. रस्ता लांबचा होता. तुला कधी कळलं नाही.

आज सुनेने विचारलं, "त्यांनी काय केलंय, आई?" त्या गृहस्थांनी काहीच केलेलं नाही, हे मलाही ठाऊक आहे. मी म्हटलं, डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलंय, नातीला मीच आणेन. डॉक्टर असलं काही म्हणालेले नाहीत. खरं कारण सांगायला सबंध संध्याकाळ होती, सून समोरच बसली होती, आणि मी मेथी निवडत राहिले.